आमच्या मुधोळ कुत्रीचं ऑपरेशन: आधी काय बघितलं, नंतर काय सांभाळलं

येळ्ळूर, वडगाव, उचगाव, खानापूर, बेळगावभोवतीच्या आपल्या या सगळ्या भागात घरोघरी कुत्री आहेत पण मादीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलेलं घर अजून शोधावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आमच्या हरणीचं झालं, ती आता ठणठणीत आहे. ज्यांना करायचंय पण धीर होत नाही त्यांना आधीच सांगते, टेबलावरचं काम तासाभराचं असतं आणि ते डॉक्टर करतात, आपलं काम त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर असतं आणि कुत्रीचं बरंवाईट बऱ्याच अंशी तिथंच ठरतं. रक्त तपासल्याशिवाय टेबलावर चढवू नका आणि टाके निघेपर्यंत पळू देऊ नका, माझं सगळं सांगणं एवढंच आहे.

हरणी मुधोळ आहे, म्हणजे पळणाऱ्या शिकारी कुत्र्यांची जात, जमखंडीकडच्या पावण्यांनी पिल्लू असताना दिलेली. फिकट बदामी रंग, लांब तोंड, बरगड्या दिसतात म्हणून नवीन माणूस आला की पहिलं विचारतो हिला खायला घालत नाही काय, पण ती जातच तशी सडपातळ. पहिल्यांदा माजावर आली तेव्हा वर्षाची होऊन गेली होती आणि हे तीन आठवडे चालतं याचा घरात कुणाला अंदाज नव्हता. सोप्यात रक्ताचे थेंब, दारात गल्लीतले आणि शिवारातले सगळे नर बसलेले, रात्रभर त्यांची भांडणं, एक तर परड्याच्या भिंतीवरून आत उतरला तेव्हा ह्यांनी काठी घेऊन पळवला. तिला खोलीत कोंडून ठेवावं लागलं, जी कुत्री सकाळ संध्याकाळ राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत पळून यायची ती दिवसभर दाराला नखं घासत बसायची, बघवत नव्हतं.

दुसरा माज आषाढात आला, पाऊस मी म्हणत होता, त्यातही नर हजर. आम्ही तिला जपली, लागू दिली नाही, पण गणपतीच्या सुमारास बघते तर हिचे आचळ सुजलेले आणि दाबलं तर दूध. माझी एक चप्पल आणि पुतण्याचा रबरी चेंडू उचलून भाताच्या कणगीमागं नेऊन ठेवलेला आणि त्याला चिकटून झोपलेली, जवळ गेलं की गुरगुरायची, जेवणावर लक्ष नाही. मी घाबरलेच, म्हटलं नक्की कुठंतरी नर लागलाय. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं पोटात काही नाही, ही फॉल्स प्रेग्नन्सी. नर लागो न लागो कुत्रीच्या अंगात माजानंतर दोनेक महिने गाभणीसारखेच हार्मोन असतात आणि ते उतरले की काहींना दूध येतं, चप्पलच पिल्लू वाटायला लागते. दूध पिळायचं नाही, पिळलं की आणखी येतं. चप्पल काढून घेतली, चेंडू लपवला, फिरवणं वाढवलं, हळूहळू ओसरलं.

ऑपरेशनचं माझ्या मनात आधीपासून होतं त्याला कारण माहेरची राणी. नंदगडला आमच्या घरी होती, आठ वर्षांची, कधी आजारी पडली नाही. माज येऊन गेला आणि महिन्याभरानं ती पाणी पाणी करायला लागली, तोंड सारखं बादलीत, खाणं बंद, पोट फुगलेलं. बाबांना वाटलं वयामुळं असेल. बेळगावला आणेपर्यंत गर्भाशयात पू भरून विष अंगात पसरलेलं, पायोमेट्रा म्हणतात त्याला, वाचली नाही. बाहेर पू आला असता तर लवकर कळलं असतं पण गर्भाशयाचं तोंड बंद असलेल्या प्रकारात बाहेर काही दिसतच नाही. ऑपरेशन न केलेल्या वयस्कर मादीला हे कुठल्याही माजानंतर होऊ शकतं, आणि तेव्हा करावं लागतं ते हेच ऑपरेशन, फक्त मरायला टेकलेल्या कुत्रीवर. हे कळल्यावर माझ्यासाठी प्रश्न उरलाच नव्हता.

घरात मात्र उरला होता. सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला एकदा तरी आई होऊ द्यायचं नाही म्हणजे काय गं हे, मुका जीव आहे, पाप लागेल." शेजारच्या काकूंचंही तेच, एक वीण झाली की मग करा. आणि मुधोळ आहे म्हटल्यावर तिसरं एक येतं, ते म्हणजे नर घेऊन येणारे लोक. एक गृहस्थ तर दोनदा दारात आले, "वहिनी, माझा नर अस्सल आहे, जोडी लावू, पिल्लं अर्धी अर्धी, ही जात म्हणजे घोरपडे सरकारांनी राखलेली जात, 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर आलीय, मिलिटरीत घेतलीत." सगळं खरं आहे आणि त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण मी त्यांना विचारलं, सातआठ पिल्लं झाली, नर गेले विकून, माद्या कोण नेणार? उत्तर नव्हतं. हायवेच्या पुलाखाली पोत्यातून सोडलेली पिल्लं आपण सगळ्यांनीच बघितलीत आणि ती बहुतेक माद्याच असतात.

सासूबाईंना मी डॉक्टरांसमोरच बसवलं, कारण मी सांगून उपयोग नव्हता. डॉक्टर मॅडम कन्नड भाषिक पण मराठी छान बोलतात, त्यांनी शांतपणे सांगितलं, "आज्जी, एकदा वीण झाल्यानं तिच्या तब्येतीला काहीच फायदा नाही हो, उलट पहिल्या माजाआधीच केलं असतं तर पुढं आचळात गाठी व्हायचा धोका सगळ्यात कमी झाला असता, प्रत्येक माजानं तो फायदा कमी होत जातो." आणि राणीचं काय झालं ते सासूबाईंना माहीत होतंच. त्या म्हणाल्या, "मग कान कापणार काय?" रस्त्यावरच्या कुत्र्यांचा कान कापलेला त्यांनी बघितला होता. मॅडम म्हणाल्या ती खूण फक्त रस्त्यावरच्यांना, एबीसीखाली, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या योजनेत, ऑपरेशन करून परत त्याच जागी सोडतात तेव्हा लांबून ओळखू यावं म्हणून, घरच्या कुत्रीला काही करत नाही. सासूबाईंचा निम्मा विरोध त्या कानावरच होता असं मला नंतर वाटलं.

आता रक्ताचं. मॅडमकडे जायच्या आधी मी आणखी एका ठिकाणी फोन केला होता, तिथं सांगितलं उपाशी पोटी सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा. रक्त तपासायचं काय म्हटलं तर तरुण कुत्री आहे, कशाला खर्च. पैसे कमी होते आणि ह्यांचं मन तिकडं होतं. मी म्हटलं माणसाचं साधं अपेंडिक्स काढायचं तरी आधी रक्त बघतात की, हिचं पोट उघडणार आणि बघायचं नाही? मॅडमनी विचारायच्या आधीच स्वतःहून सांगितलं की दूध पूर्ण आटल्याशिवाय हात लावणार नाही, कारण आत्ता केलं तर दुधाची ती अवस्था लांबते, आणि माजाच्या आसपास केलं तर तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं. म्हणून माज संपून अडीच तीन महिने झाले की मग. तोवर रक्त काढून ठेवू म्हणाल्या.

रिपोर्ट आला, प्लेटलेट अडुसष्ट हजार. कुत्र्याच्या किमान दोन लाखाच्या आसपास तरी पाहिजेत. आणि हरणी बघाल तर पळत होती, खेळत होती, जेवण थोडं कमी झालेलं ते आम्ही फॉल्स प्रेग्नन्सीवर ढकललेलं. मॅडमनी कान उलटून बघितले, पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघितलं, तिथं दोन गोचीड. मग एक छोटी कार्डाची टेस्ट केली, रक्ताचा थेंब टाकून, एर्लिकिया पॉझिटिव्ह. गोचीड ताप. यात प्लेटलेट कमी होतात म्हणजे रक्त गोठत नाही, आणि काही कुत्र्यांमध्ये हे महिनोन्‌महिने अंगात मुरून राहतं, बाहेर काही दिसत नाही. मॅडम म्हणाल्या हिला मी असंच टेबलावर घेतलं असतं तर आतलं रक्त थांबवता आलं नसतं. ह्यांनी तो रिपोर्ट हातात घेतला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

डॉक्सीसायक्लिन 28 दिवस. रोज, न चुकता, जेवणावर. उपाशी पोटी दिली की उलटी होते, आणि कोरडी गिळवली तर घशात अडकून नळीला जखम करू शकते म्हणून गोळीनंतर लगेच घासभर काहीतरी द्यायचं. आम्ही भाकरीच्या तुकड्यात दह्याचं बोट लावून द्यायचो तर मॅडमनी सांगितलं दही दूध या गोळीबरोबर नको, गोळीचा गुण कमी होतो, मग उकडलेल्या अंड्यात घालून द्यायला लागलो. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, गोचीड घरातनं जायला पाहिजे. कुत्र्यावरचा तो तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, खाटेच्या पायाशी, उंबऱ्याखाली अंडी घालतो, म्हणून सोप्याच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, तिची गोधडी उकळत्या पाण्यात काढली, आणि तिला गोचिडाची चघळायची गोळी वजनावर मॅडमकडूनच घेतली. आपल्याकडं गोठ्यात म्हशीवर मारायचं औषध असतं तेच कुत्र्यावर अंदाजानं मारतात, ते करू नका, कुत्रं अंग चाटतं आणि विषबाधा होते.

दिवाळीभर गोळ्या चालू होत्या. फेरतपासणीची तारीख 1 नोव्हेंबरच्या आसपास येत होती, त्या दिवशी शहरात राज्योत्सवाची मिरवणूक आणि काळ्या दिनाची फेरी, रस्ते बंद असतात, म्हणून पुढं ढकलली. प्लेटलेट दोन लाखाच्या वर. लिव्हर किडनी नीट. फटाके संपले होते तेही बरं, टाके असताना फटाके म्हणजे कुत्रं कुठं धडकेल सांगता येत नाही. एकच अडचण, सुगी. भात कापणीला आलेलं, घरातली सगळी माणसं शिवारात, ह्यांची उद्यमबागेत सेकंड शिफ्ट. शेवटी ठरलं की आमच्या वाटणीचं भात कापून झाल्यावरच करायचं आणि मळणीला मी जायचं नाही, घरी राहायचं. हे आधी ठरवून घ्या, पहिले काही दिवस एक माणूस पूर्ण वेळ लागतो.

भुलीबद्दल एक गोष्ट मुधोळ, कारवानी, ग्रेहाऊंड पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवायलाच पाहिजे. या पळणाऱ्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी. थायोपेन्टोन नावाचं जुनं इंजेक्शन आहे, ते रक्तातनं चरबीत उतरलं की कुत्रं जागं होतं, आता चरबीच नाही म्हटल्यावर औषध रक्तात फिरत राहतं, शिवाय यांचं लिव्हर ते मोडायला वेळ लावतं, त्यामुळं तासन्‌तास शुद्ध येत नाही. मी विचारायच्या आधी मॅडमनी सांगितलं की मी ते वापरत नाही, प्रोपोफॉलनं झोपवून नळी घालून गॅसवर ठेवणार. तुमचे डॉक्टर काय वापरतात ते विचारा, विचारलं म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागवत नाही. आणि दुसरं, चरबी नाही म्हणजे अंग लवकर गार पडतं, तेव्हा घोंगडी किंवा जाड शाल बरोबर न्या.

आदल्या दिवशी कंपाउंडरनं फोनवर बजावलं, "राती ऊट कोडब्याड्री अक्का, नीर नडीतैत्री." रात्री नऊनंतर खाणं बंद, पाणी पहाटेपर्यंत. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनळीत जाते, म्हणून पुतण्याला आणि सासूबाईंना दोघांनाही सांगून ठेवलं होतं की कितीही बघू दे, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. सकाळी ह्यांच्या मित्राच्या ओमनीतनं येळ्ळूर रोडनं वडगावातून टिळकवाडीला. वजन केलं, बावीस किलो. फॉर्म इंग्लिशमध्ये होता, मी म्हटलं वाचून सांगा, त्यांनी सांगितला, भुलीचा धोका, रक्तस्रावाचा धोका, सही केली. पुढच्या पायाचे केस काढून सुई बसवली, आणि इंजेक्शन गेल्यावर तिनं माझ्या मनगटावर हनुवटी टेकली आणि पाय मोडून खाली बसली. मग त्यांनी आत नेलं.

बाहेर बसणं अवघड होतं. ह्यांनी चहा आणला तो तसाच गार झाला. नंतर मॅडमनी बोलावून ट्रेमध्ये काढलेलं गर्भाशय दाखवलं, दोन लांब बारीक शिंगं आणि टोकाला दोन बीजकोश, सगळं निरोगी. बेंबीच्या खाली मध्यावर बोटभर चीर, आतले टाके विरघळणारे, वरचे नायलॉनचे. अंगाचं तापमान 97 वर उतरलेलं, कुत्र्याचं नॉर्मल 101 ते 102.5 असतं, म्हणून कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना आणि वर आमची घोंगडी. बाटली नुसती अंगाला लावायची नाही, बेशुद्ध कुत्र्याला चटका कळत नाही. ती स्वतः मान वर उचलून बघेपर्यंत आम्हाला घरी सोडलं नाही, आणि ते फार बरं केलं.

निघताना मॅडमनी एक शिकवलं ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. ओठ वर करायचा, हिरडी अंगठ्यानं दाबायची, पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. हिरडी पांढरीफट्ट दिसली, किंवा रंग यायला वेळ लागला, कुत्री ढिली पडली, पोट फुगलं तर आत रक्त जातंय समजायचं आणि रात्र असो दिवस असो, निघायचं. मी त्या रात्री किती वेळा ओठ उचलून बघितला असेल, शेवटी हरणीच वैतागून तोंड फिरवायला लागली.

पहिली रात्र ती कण्हत होती. सोप्यात जमिनीवर गोधडी घातलेली, खाटेवर नाही, कारण भूल पूर्ण उतरलेली नसते, पडायची भीती. डोळे अर्धे उघडे, ओळखतेय की नाही कळत नव्हतं. हे कण्हणं सगळं दुखण्याचं नसतं, भुलीच्या गुंगीत कुत्री अशी रडतात हे मॅडमनी सांगितलं होतं म्हणून धीर धरला. काकूंनी माणसाची तापाची गोळी आणून दिली, अर्धी द्या म्हणाल्या. नाही म्हणून सांगितलं. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल असलं आपल्या घरातलं काहीही कुत्र्याला द्यायचं नाही, पोटात अल्सर, किडनी, लिव्हर, काहीही जाऊ शकतं. मॅडमनी मेलॉक्सिकॅम दिलं होतं वजनावर मोजून, दिवसातनं एकदा, जेवणानंतर, तेवढंच. सासूबाई हळदीची वाटी घेऊन आल्या, टाक्यांवर लावायला. त्यांनाही समजावलं, हळद नाही, खोबरेल नाही, पावडर नाही, जखम कोरडी ठेवायची आणि बघायची बस. त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि तिच्या डोक्याशी बसल्या त्या उठल्याच नाहीत, मध्येच मला म्हणाल्या, "तू पड जरा, मी आहे." सकाळी हरणीनं पहिल्यांदा शेपूट हलवलं ते त्यांनाच बघून.

खाणं पहिल्या दिवशी अगदी थोडं, मऊ भात आणि कोंबडीचं पाणी, कांदा लसूण न घालता, कारण ते दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. संडास दोनतीन दिवस झाली नाही तरी घाबरायचं नाही, पोटात काही नसतंच. लघवी मात्र झालीच पाहिजे.

कोन हे खरं डोकेदुखीचं काम. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन दिलेला, पण मुधोळचं डोकं अरुंद आणि मान डोक्याएवढीच जाड, तिनं पुढच्या पायानं एकदा ढकलला आणि तो निघून आला. घट्ट बांधला तर गळा आवळतो. ढिला ठेवला तर निघतो. आणि लांब तोंडामुळं लहान कोनातनं तिची जीभ टाक्यांपर्यंत जातच होती. एकदा चाटायला लागली की तोंडातले जंतू जखमेत आणि टाके ओढून काढायलाही वेळ लागत नाही. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या कापडी सूट शिवा. सासूबाईंचं मशीन आहेच. वडगावच्या एका विणकर बाईंकडनं मऊ सुती तागा आणलेला घरात होता, ह्यांचा जुना बनियन मापाला घेतला. पुढच्या पायांना दोन भोकं, छातीपासून शेपटीपर्यंत अंगाला लागून कापड, पाठीवर नाड्यांच्या चार गाठी आणि मागच्या बाजूला उचलता येईल असा पट्टा, लघवीला नेताना तेवढा सोडायचा. पहिला सूट काखेत काचत होता, तिथं लाल झालं, सासूबाईंनी भोक मोठं करून आत दुहेरी कापडाची पट्टी लावली. इलॅस्टिक लावू नका, पोटाला वळ उठतात. एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत असे आलटून पालटून. नोव्हेंबरच्या गारठ्यात तो सूट तिला उबेलाही झाला. पण सूट आहे म्हणून जखम बघायची सोडायची नाही, सकाळ संध्याकाळ नाड्या सोडून उजेडात बघायची. पहिले काही दिवस कडा थोड्या लाल असणं ठीक, पण गरम लागणं, वास, पू, किंवा टाक्यांमध्ये फट दिसणं ठीक नाही.

आणि मग शांत ठेवणं. तिसऱ्या चौथ्या दिवशी तिला वाटायला लागलं आपण बरे झालो. वरचं कातडं जुळल्यासारखं दिसतं, पण आतला स्नायूचा थर अजून कच्चा असतो, उडी मारली आणि तो सुटला तर आतडं बाहेर येऊ शकतं. परड्यात कोंबड्या, पिंजराच्या गंजीवर मांजर, गल्लीतनं जाणारी प्रत्येक सायकल, सगळं हिच्या डोळ्यासमोर. आम्ही तिला साखळीनं नाही, आखूड कापडी पट्ट्यानं सोप्यात बांधली, साखळीला हिसका बसतो. कट्ट्यावर चढू नये म्हणून दारात भाताचं पोतं आडवं टाकलं. फिरायला फक्त लघवी संडासपुरतं, पट्टा हातात, पावलापावलानं. पुतण्याला सांगितलं बॉल दाखवायचा नाही. पण इतक्या पळणाऱ्या कुत्रीला नुसतं बांधून ठेवलं तर ती वेडी होईल, तिचं डोकं दमवायला पाहिजे. जुना टॉवेल घेऊन त्यात भाकरीचे बारीक तुकडे ठेवून गुंडाळी करायची आणि तिला सोडवू द्यायची, हुंगत हुंगत अर्धा तास जातो आणि नंतर ती झोपते. पुतण्या मग रोज नवीन गाठी मारून द्यायचा.

तरी एका दुपारी दारात मांजर आलं, हिनं हिसका दिला, दोन उड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी टाक्यांशेजारी लिंबाएवढी मऊ सूज. नेलं. सेरोमा, म्हणजे नुसतं पाणी साठलंय, ताप नाही, पू नाही. सुईनं काढायचं नाही म्हणाल्या, काढलं की जंतू जायची शक्यता आणि परत भरतंच, हालचाल कमी केली की अंगात जिरतं. जिरलं. पण तेव्हापासून दाराला जाळीही लावली.

टाके दहा ते चौदा दिवसांत काढतात, आमचे जरा उशिराच काढले त्या सुजेमुळं. काढताना तिला कळलंही नाही. त्यानंतर आणखी आठवडाभर पळणं हळूहळू वाढवलं, आंघोळ टाके निघाल्यानंतरच. रक्त तपासणी, गोळ्या, ऑपरेशन सगळं धरून आमचे नऊ हजारांच्या आत गेले. सरकारी पशु दवाखान्यात विचारलं तर काही ठिकाणी कमी खर्चात होतं, पण तिथं भूल कसली देतात आणि नंतर किती वेळ ठेवून घेतात ते आधी जाऊन विचारा.

लोक विचारतात राखण करते काय अजून. करते. अनोळखी माणूस दारात आला की तसाच आवाज, पोस्टमनचं आणि तिचं जमत नाही ते अजूनही जमत नाही. राखणीचा आणि बीजकोशाचा संबंध नाही. ज्यांचा नर आहे त्यांच्यासाठी, नराचं सोपं असतं, पोट उघडावं लागत नाही, पण ऑपरेशन झाल्यावर काही आठवडे बीज शिल्लक असतं, तेव्हा लगेच मादीजवळ सोडू नका. माद्यांमध्ये काहींना पुढं झोपेत लघवी गळायचा त्रास होतो, झाला तर सांगा म्हणाल्यात मॅडम, त्यावर औषध आहे.

जेवण मात्र कमी करावं लागलं. ऑपरेशननंतर कुत्र्याची गरज कमी होते आणि भूक वाढते, त्यामुळं साधारण पाचवा हिस्सा कमी करायचा आणि वजनावर लक्ष ठेवायचं. मुधोळच्या बरगड्या हाताला लागल्याच पाहिजेत. काकूंना ती आता जास्तच दयनीय वाटते, जाता येता भाकरी टाकतात, त्यांना प्रेमानं सांगणं चालू आहे. रेबीजची लस दर वर्षी तशीच द्यायची, पुढची माघात आहे, तेव्हा मॅडम पोट आणि आचळ दोन्ही हातानं तपासणार आहेत, कारण दोन माज होऊन गेल्यामुळं गाठींचा धोका पूर्ण गेलेला नाही. घरी मीही महिन्यातनं एकदा आंघोळ घालताना एकेक आचळ चाचपून बघते, मटाराएवढं काही लागलं तरी लगेच न्यायचं असं त्यांनी सांगितलंय.